टेम्पररी नंबर आणि बदलीवरचा फौजी

नव्या गाडीच्या आरशाला हार असतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि पुढे पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत लिहिलेला टेम्पररी नंबर असतो. हार दोन दिवसांत वाळतो, स्वस्तिक पहिल्या पावसात जातं. लाल अक्षरं मात्र आमच्या लोकांच्या गाड्यांवर जरा जास्तच दिवस टिकतात. कुठल्याही छावणीत, फॅमिली क्वार्टरच्या मागे जिथे गाड्या लावतात तिथे एक चक्कर मारा. पठाणकोट असो, जोधपूर असो, तेजपूर असो. मुदत संपलेल्या टेम्पररी नंबरची एक तरी गाडी ताडपत्रीखाली उभी दिसेल. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, सुट्टीत करून घेतो."

हे "सुट्टीत करून घेतो" किती महाग पडतं ते सांगायला आज बसलोय. एमटीमध्ये बावीस वर्षं काढली, त्यामुळे गाडीच्या कागदांचा प्रश्न असला की पोरं माझ्याकडेच येतात.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम ३९ सांगतं की नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही आणि मालकाने कुणाला चालवूही द्यायची नाही. कलम ४३ मध्ये टेम्पररी नोंदणी येते. मूळ कायद्यात तिची मुदत एक महिना होती. पुढे ती सहा महिन्यांपर्यंत झाली. यातल्या "पर्यंत" या शब्दाकडे लक्ष द्या. तुमच्या कागदावर जी तारीख छापली आहे तीच तुमची मुदत. शोरूमचा पोरगा तोंडी काय म्हणाला त्याला किंमत नाही. आणि ही नोंदणी पुन्हा वाढवून मिळत नाही. नोंदणी नसलेली गाडी चालवताना सापडलात तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन हजार ते पाच हजार रुपये दंड. दुसऱ्यांदा सापडलात तर पाच ते दहा हजार, किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता इथे एक गंमत आहे, आणि ती फौजींनी समजून घेण्यासारखी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने असं केलं की गाडी ज्या राज्यात विकली त्याच राज्यात नोंदवायची असेल तर अर्ज डीलरनेच करायचा, आणि कायमचा नंबर लागल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. म्हणजे पुण्यात राहणारा, पुण्यात गाडी घेणारा माणूस टेम्पररी नंबरच्या वाटेला जाण्याचं कारणच उरलं नाही. तो शोरूममधून बाहेर पडतो तो पक्की पाटी लावून. टेम्पररी नंबर उरला तो मुख्यतः एका राज्यात गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात नोंदवणाऱ्यांसाठी. असे लोक कोण? थोडे व्यापारी, थोडे बदलीवाले नोकरदार, आणि आम्ही. अंबाल्याला पोस्टिंग असताना कॅन्टीनमधून गाडी घ्यायची आणि सांगलीच्या पत्त्यावर नोंदवायची, हा आमच्याकडचा नेहमीचा बेत. त्यातून टेम्पररी नंबर येतो, आणि मग घोडं अडतं.

कुठे अडतं तेही सांगतो. टेम्पररी नंबरच्या गाडीला एनओसी लागत नाही, कारण ती अजून कुठल्याच राज्याची झालेली नसते. हा फायदा खरा. पण गावाकडच्या आरटीओत गेल्यावर फॉर्म २०, डीलरचं विक्रीपत्र म्हणजे फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, विमा, बिल, पत्त्याचा पुरावा, कर्ज असेल तर बँकेचे कागद, हे सगळं एकाच वेळी हातात असावं लागतं. बऱ्याच ठिकाणी गाडीही समोर आणा म्हणतात, चासी नंबरचा पेन्सिलने छाप काढतात. त्यातला एखादा कागद अंबाल्याला राहिलेला असतो. आणि कॅन्टीनच्या गाडीचं बिल नेहमीच्या बिलापेक्षा वेगळं दिसतं, ते खिडकीवरच्या बाबूला पटवण्यात अर्धा दिवस जातो. सुट्टी संपते. "सरकारी काम, सहा महिने थांब" ही म्हण ज्याने काढली त्याला कलम ४३ माहीत नव्हतं, नाहीतर त्याने आकडा बदलला असता.

दंडाची भीती मला फारशी वाटत नाही. दोन हजार भरता येतात. खरी भीती विम्याची आहे, आणि तीच आमच्या पोरांना माहीत नसते. पोरं म्हणतात, इन्शुरन्स तर आहे ना साहेब, हप्ता भरलाय. हप्ता भरलाय हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाचे यावर दोन निकाल आहेत, ते प्रत्येकाने कानावर घालून ठेवावेत.

पहिला २०१४ चा, नरिंदर सिंग यांच्या प्रकरणातला. टेम्पररी नोंदणी २००६ च्या जानेवारीत संपली, तीन आठवड्यांनी अपघात झाला. न्यायालय म्हणालं, वैध नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या अटींचाच मूलभूत भंग आहे, विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी नाही. ठीक, तिथे गाडी चालवली जात होती.

दुसरा निकाल ३० सप्टेंबर २०२१ चा, सुशीलकुमार गोदारा यांच्या प्रकरणातला. बोलेरो गाडी पंजाबात घेतलेली, मालक राजस्थानातल्या श्रीगंगानगरचा. टेम्पररी नोंदणीची मुदत १९ जुलै २०११ ला संपली. २८ जुलैला तो कामासाठी जोधपूरला गेला, रात्री गेस्ट हाउसबाहेर गाडी लावली, सकाळी गाडी गायब. नऊ दिवसांचा फरक. ग्राहक मंचांच्या वरच्या पायऱ्यांवर तो जिंकला, राष्ट्रीय आयोगापर्यंत जिंकला. सर्वोच्च न्यायालयात हरला. गाडी चोरीला गेली तेव्हा ती उभी होती, मालक झोपला होता, चोराने नंबर बघून चोरी केली नव्हती. तरी पैसे नाहीत. न्यायालयाचं म्हणणं असं की मुदत संपल्यावर ती गाडी चालवतच जोधपूरला नेली होती आणि सार्वजनिक जागी सोडली होती, कायम नोंदणीसाठी अर्ज केल्याचाही पुरावा नव्हता. त्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती उदय लळित होते, आपल्या कोकणातले.

निकाल कायद्याला धरून आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. नंबर नसलेली गाडी म्हणजे रस्त्यावरचा बेनामी माणूस. ठोकून पळाली तर शोधायची कशी? चोरांना, वाळू उपसणाऱ्यांना अशा गाड्या किती आवडतात हे पोलिसांना विचारा. सीमेजवळच्या जिल्ह्यांत तर नाक्यावर उभं राहिलेल्या आमच्याच संत्र्याला विचारा, लाल अक्षरांची जुनी गाडी दिसली की त्याचा हात कुठे जातो. कायदा कडक आहे तो बरोबरच आहे.

माझं म्हणणं दुसरं आहे. आमच्या पलटणीतला एक नायक, मिरजेच्या बाजूचा. गाडी हरियाणात घेतली, सुट्टीत चालवत घरी नेली. आरटीओत एक कागद कमी पडला, तो डीलरकडून मागवला. डीलर आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. तेवढ्यात युनिटला मूव्ह आली आणि पोराची सुट्टी कापली गेली. पुढचे सात महिने तो जिथे होता तिथे मोबाइलला एक काडी नेटवर्क मिळायला टेकडी चढावी लागायची. कागद घरी पोचला तेव्हा वडील तो घेऊन आरटीओत गेले. मालक कुठाय, सही कुठाय, पत्त्याचा पुरावा जुना आहे, असं करत ते तीनदा परत आले. मुदत संपली. गाडी गोठ्याशेजारी उभी. मग एका रात्री त्याच वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, धाकट्या भावाने काही न बघता तीच गाडी काढली आणि मिरजेच्या रस्त्याला लागला. वडील वाचले, ते महत्त्वाचं. पण येताना पहाटे दुधाच्या टेम्पोला घासून गाडी झाडावर गेली. दुरुस्ती एक लाख चाळीस हजार. विमा कंपनीने एक ओळीचं पत्र पाठवलं. टेम्पोवाला जखमी झाला नाही, नाहीतर ते प्रकरण आज कोर्टात असतं आणि हा पोरगा तारखांसाठी सुट्ट्या मागत फिरला असता.

आता सांगा, यात नायकाने काय करायला हवं होतं? टेकडीवरून उतरून सांगलीला यायचं? भावाने चूक केली म्हणाल, तर त्या रात्री तुम्ही काय केलं असतं हे आधी स्वतःला विचारा.

टेम्पररी नोंदणीत एक सवलत आहे. नुसत्या चासीवर बॉडी बांधायची असेल आणि ती कारखान्यात अडकून पडली, किंवा मालकाच्या हाताबाहेरची अडचण आली, तर फी घेऊन मुदत वाढवता येते. पण ही सवलत बांधली आहे बॉडी नसलेल्या चासीला. म्हणजे सुताराला, वेल्डरला उशीर होऊ शकतो हे कायद्याला माहीत आहे. सरहद्दीवरच्या माणसाला उशीर होऊ शकतो, हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. मुद्दाम वगळलं असेल असं मला वाटत नाही. कुणाला सुचलं नाही, एवढंच.

आणि असं काही सुचणं आपल्या देशाला नवं नाही. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट नावाचा एक कायदा आहे, १९२५ चा, अजून लागू आहे. जवान विशेष परिस्थितीत किंवा युद्धाच्या परिस्थितीत ड्युटीवर असेल तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा थांबवता येतो. एवढंच नाही, दावा लावायची जी मुदत असते त्यातून त्या ड्युटीचा काळ वजा धरला जातो. अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र पुढे केलं की घड्याळ थांबतं. जमिनीच्या भांडणात गावाकडच्या भाऊबंदांनी जवान नसताना डाव साधू नये म्हणून हे केलेलं आहे. इंग्रजांना शंभर वर्षांपूर्वी जे कळलं ते गाडीच्या बाबतीत आपल्याला का करता येऊ नये?

मी मागतोय ते फार थोडं. मुदत संपलेली गाडी चालवायची परवानगी मला नको. ती कुणालाच नको, फौजीला तर मुळीच नको. मागणी एवढीच की फील्डमध्ये असलेल्या जवानाच्या टेम्पररी नोंदणीतून सीओच्या प्रमाणपत्रावर तेवढा काळ वजा धरावा. त्या काळात गाडी घरी उभी राहील. उभी असताना चोरीला गेली, पुरात गेली, गंजीबरोबर जळाली, तर विमा लागू राहावा. नायकाच्या भावाला याचा उपयोग झाला नसता, हे मला माहीत आहे. पण त्याच्या वडिलांचे आरटीओतले तीन हेलपाटे तरी वाचले असते, कारण मुदतच संपली नसती आणि पोरगा पुढच्या सुट्टीत स्वतः गेला असता.

हे मागताना आपल्या घरातही बघायला हवं, नाहीतर तोंड उघडायचा हक्क राहत नाही. आमच्यातल्या काही जणांना वाटतं, काचेवर लाल-काळ्या अक्षरांत "आर्मी" चिकटवलं की नंबराची गरज नाही. नाक्यावर ओळखपत्र दाखवायचं, हवालदार सलाम ठोकतो, गाडी पुढे. हे मला अजिबात पटत नाही. सरकारी गाडीवर वर तोंड केलेला बाण आणि पुढे आकडे असतात, तिची नोंद कलम ६० प्रमाणे संरक्षण खात्याकडे असते. एमटीत तिचा एकेक किलोमीटर कार डायरीत लिहिला जातो. तो बाण गाडीचा आहे, माणसाचा नाही. तुमची आमची खासगी गाडी ही कुठल्याही शिक्षकाच्या किंवा दूधवाल्याच्या गाडीसारखीच आहे. नाक्यावरचा हवालदार सोडेल, विमा कंपनी सोडणार नाही. आणि जवानांना शिस्त शिकवणाऱ्या एखाद्या साहेबाच्याच गाडीवर वर्षभर लाल अक्षरं दिसली, तर शिकवण्याचं काय राहिलं?

दुसरी गोष्ट, ज्यांना पुढे गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी. टेम्पररी नंबरच्या भानगडीत न पडण्याचा रस्ता १५ सप्टेंबर २०२१ पासून खुला आहे, तो म्हणजे बीएच नंबर, भारत सीरिज. पाटीवर आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि अक्षरं. तो मिळण्याच्या यादीत संरक्षण दलातले लोक अगदी पहिल्यापासून आहेत. राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. नाहीतर नियम असा की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्या, तिथला कर भरा आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या कराचे पैसे मागत बसा. तीन वर्षांनी पोस्टिंग बदलणाऱ्याला हे आयुष्यभर पुरतं. २०२१ च्या मार्चमध्ये श्रीनगरला बाहेरच्या गाड्यांकडून नऊ टक्के कर मागणारा आदेश निघाला होता, तेव्हा तिथल्या आमच्या लोकांची झालेली धावपळ आठवते. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तो रद्द केला म्हणून बरं.

बीएचला कर दहा लाखांच्या आतल्या गाडीला आठ टक्के, दहा ते वीसला दहा, त्यावर बारा. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. तुलनेला सांगतो, महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के पडतात, आणि तेही एकरकमी. बीएचमध्ये दोन दोन वर्षांचा भरता येतो. चौदा वर्षांनंतर दरवर्षी, आधीच्या निम्मा. २०२२ च्या डिसेंबरात नियम आणखी सैल झाले. ओळखपत्राऐवजी नोकरीचं प्रमाणपत्रही चालतं, घरच्या पत्त्यावर किंवा नोकरीच्या ठिकाणी कुठेही अर्ज करता येतो, आणि आधीचा राज्याचा नंबर असलेली गाडीही बीएचमध्ये नेता येते.

मग सगळे का घेत नाहीत? एक कारण, दर दोन वर्षांनी कर भरायची आठवण ठेवावी लागते, आणि उशीर झाला तर दंड चढतो. टेम्पररीची तारीख विसरणारा माणूस हीसुद्धा विसरणारच. दुसरं, गाडी विकताना घेणारा बीएचला पात्र नसेल तर त्याला राज्याचा नंबर घेऊन कर भरावा लागतो, म्हणून तो भाव पाडून मागतो. आणि तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही: गावात एमएच दहा नाहीतर एमएच नऊच्या पाटीचा रुबाब वेगळा. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

तरीही ज्याची अजून दहा-बारा वर्षं नोकरी आहे त्याने बीएचच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. जो दोन वर्षांत पेन्शनीत जाणार आहे त्याने गावाकडेच, आपल्या राज्यातल्या डीलरकडून गाडी घ्यावी. कॅन्टीनची ऑर्डर आपल्या राज्यातल्या डेपोतून काढता येते का ते आधी विचारा. एका फोनचं काम आहे.

ज्यांच्या गाडीची मुदत आत्ता, हे वाचताना, संपलेली आहे त्यांना सांगतो. आजपासून ती गाडी हलवायची नाही. चावी घरात अशा जागी ठेवा की धाकट्याला सापडणार नाही, आणि शेजारची दुसरी गाडी किंवा १०८ चा नंबर घरच्यांना देऊन ठेवा. ज्या राज्यात नोंदवायची आहे तिथल्या आरटीओत उशिराचा दंड भरून अर्ज करा, कारण अर्ज केल्याची पावतीसुद्धा उद्या कामाला येते. गोदारांच्या प्रकरणात तीच नव्हती. गाडी दाखवायला बोलावलं तर चालवत नेऊ नका, कॅरियरवर घालून न्या. पैसे जातील, जाऊ देत. पत्त्याच्या पुराव्यासाठी युनिटमधून प्रमाणपत्र लागेल, ते सुट्टीच्या अर्जाबरोबरच मागून ठेवा, सुट्टीवर गेल्यावर फोन करून क्लार्कला पळवू नका. नंबर हातात आला की त्याच दिवशी पॉलिसीवर तो चढवून घ्या, तिथे अजून चासी नंबरच छापलेला असतो. फास्टॅगचंही तसंच.

नायकाची गाडी गेल्या महिन्यात नोंदली. चाळीस हजार बाकी आहेत गॅरेजवाल्याचे.